माबू डोंगरावरचें नवें बांडगूळ

आंब्यावरील बांडगूळ ठाऊक नाहीं असा शेतकरी आपल्या मुलखांत शोधूनही सांपडावयाचा नाहीं. दुसऱ्याच्या मुळांनीं आणलेलें पाणी फांदीवर बसून पिणारी ही वनस्पति आपल्या इतक्या परिचयाची आहे कीं, दुसऱ्याच्या जिवावर पोसणाऱ्या माणसासही आपण बांडगूळ हेंच नांव देतों. अशा या तिरस्कृत वनस्पतीची एक नवी जात पूर्व आफ्रिकेंतील एका डोंगरावर सन २००८ मध्यें सांपडली, आणि लंडन येथील क्यूच्या शाही वनस्पतिउद्यानानें २०१० च्या अखेरीस ती वार्ता मोठ्या आनंदानें जगास कळविली. ज्या वस्तूवर आपण कोयता चालवितों, तिच्या लाभानें विद्वान् लोकांनीं हर्ष मानावा, हें प्रथम वाचतांना मला चमत्कारिक वाटलें. परंतु त्या प्रकरणाचा जसजसा विचार केला, तसतशी मला माझ्याच पूर्वीच्या कामांतील एक चूक दिसूं लागली. ती वनस्पति व ती चूक या दोहोंविषयीं शेतकरी बंधूंपुढें चार शब्द मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम आपल्या ओळखीच्या बांडगुळाकडे पाहूं. बांडगूळ ही अर्धपरोपजीवी वनस्पति होय. तिचीं पानें हिरवीं असतात व सूर्यप्रकाशांत आपलें अन्न तीं स्वतः तयार करितात; परंतु जमिनींत तिला मूळ नसतें. तिचें शोषकमूळ आश्रयवृक्षाच्या सालींतून आंतील लांकडापर्यंत शिरतें व तेथून पाणी आणि क्षार ओढून घेतें. अमरवेलीशीं तिचा घोटाळा करूं नये. अमरवेल पिवळी व जवळजवळ पर्णहीन असल्यामुळें तिला तयार अन्नच चोरावें लागतें. बांडगूळ पाणी चोरतें व स्वयंपाक मात्र आपला आपण करितें.

आपल्याकडे आंब्यावर जें बांडगूळ सर्रास दिसतें, त्याचें शास्त्रीय नांव डेंड्रोफ्थी फाल्काटा असें आहे. पूर्वीं त्यासच लोरँथस लाँगिफ्लोरस म्हणत. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दप्तरींही फेरफाराच्या नोंदी होतच असतात. त्याच्या नळीसारख्या फुलांतील मधासाठीं शिंजीर पक्षी येतात व एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलास पोंचवितात. फळ पिकलें कीं फुलटोच्या नांवाचा अंगठ्याएवढा पक्षी तें गिळतो. बीभोंवतीं अतिशय चिकट गर असतो. थोड्याच मिनिटांत बी पक्ष्याच्या पोटांतून न पचतां बाहेर येते. पण चिकटपणामुळें ती सहज गळून पडत नाहीं. म्हणून पक्षी आपलें अंग फांदीवर घासतो, आणि बी फांदीस जाऊन चिकटते. विख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनीं कोंकणांत या व्यवहाराचें निरीक्षण करून १९३१ च्या सुमारास बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत त्यावर निबंध लिहिला होता. सारांश, पक्षी हाच पेरणारा व फांदी हेंच शेत, असा हा कारभार आहे.

या कारभारानें झाडाची काय गत होते हें मीं घरींच पाहिलें आहे. आमच्या परसांत आजोबांनीं लावलेला एक रायवळ आंबा आहे. मी महसूल खात्यांत कारकून असल्यानें तालुक्याच्या गांवीं राहत असें. सुटींत घरीं आलों कीं त्या आंब्याखालीं खाट टाकून पडत असें. एका उन्हाळ्यांत शेजारचे आबा मला म्हणाले, "अण्णा, वर हिरवें दिसतें म्हणून झाड धड आहे असें समजूं नका. तो हिरवेपणा आंब्याचा नव्हे." मीं वर पाहिलें, तों दोन मोठ्या फांद्यांवर बांडगुळाचे घोसदार झुपके होते. पुढच्या सुटींत काढूं, असें म्हणून मीं तें काम टाळलें. अशीं चार वर्षें गेलीं. पांचव्या वर्षीं झुपक्यांच्या पुढील दोन्ही फांद्या वाळून कोळ झाल्या होत्या, आणि झाडानें मोहोर धरला तो मूठभर. शेवटीं निम्मा आंबा उतरवावा लागला. आबांनीं मला दोष दिला नाहीं. "तुम्ही कागदावरचीं माणसें, तुम्हांला वर बघायची संवय नाहीं," इतकेंच ते बोलले. तें बोलणें मला लागलें; परंतु त्याचा पुरा अर्थ माबू डोंगराची हकीकत वाचल्यावर कळला.

आतां ती हकीकत. अरबी समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिक हा देश आहे. आपल्या किनाऱ्याशीं त्याचा संबंध जुना आहे. पोर्तुगीज अमदानींत १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्याहूनच चाले. या देशाच्या उत्तर भागांतील झांबेझिया प्रांतांत माबू नांवाचा डोंगर आहे. त्याची उंची सुमारें १,७०० मीटर, म्हणजे आपल्या १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईहून किंचित् अधिक. त्याच्या अंगावर सुमारें ७० चौरस किलोमीटर क्षेत्राचें दाट सदाहरित अरण्य आहे. पायथ्याशीं चहाचे मळे होते. परंतु १९७७ पासून १९९२ पर्यंत त्या देशांत यादवी युद्ध चाललें, त्यांत ते ओसाड झाले. युद्धाच्या त्या दिवसांत भोंवतालच्या गांवांतील लोक जीव वांचविण्यासाठीं याच अरण्यांत आश्रयास जात. एक तर वाटा बिकट आणि त्यांत युद्धाची दहशत. त्यामुळें अरण्याचा शास्त्रीय अभ्यास असा झालाच नव्हता.

शेजारच्या मलावी देशांतील मुलांजे डोंगराच्या संरक्षणाचें काम करणारे ज्युलियन बेलिस हे शास्त्रज्ञ २००५ सालीं गूगल अर्थ या साधनावर उपग्रहांनीं टिपलेलीं छायाचित्रें पाहत होते. त्या मुलखांतील उंच डोंगरांवर कोठें कोठें अरण्य शिल्लक असेल, याचा ते शोध घेत होते. तेव्हां माबूवरील हिरवा पट्टा त्यांच्या दृष्टीस पडला. पुढें त्यांनीं प्रत्यक्ष जाऊन खात्री केली, आणि २००८ सालीं क्यूच्या जोनाथन टिंबरलेक यांच्या नेतृत्वाखालीं २८ शास्त्रज्ञांची तुकडी, सुमारें ७० हमालांसह, त्या अरण्यांत उतरली. या कार्यांत मोझांबिकची राष्ट्रीय शेतकी संशोधन संस्थाही सहभागी होती, ही गोष्ट शेतकी मासिकाच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्या देशास अन्नधान्याची एवढी विवंचना, त्या देशाच्या शेतकी संस्थेनेंही रानांतील वनस्पतींची मोजदाद आपल्या कामाबाहेरची मानली नाहीं.

दमट अरण्यांतून वर शिखराच्या उघड्या कातळांकडे जाणाऱ्या वाटेनें मंडळी चालली असतां, कॉलिन काँग्डन या गृहस्थांची नजर एका बांडगुळावर गेली. हे गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हेत. पूर्व आफ्रिकेंतील फुलपाखरांचे ते जाणकार. फुलपाखरांच्या माणसाचें लक्ष बांडगुळाकडे कां जावें, असें कोणी विचारील. तर आफ्रिकेंतील कांहीं फुलपाखरांच्या अळ्या बांडगुळाच्याच पानांवर वाढतात. म्हणून फुलपाखरूं शोधणाऱ्यास झाडाच्या शेंड्याकडे पाहण्याची संवय असते. मलावी व टांझानिया या देशांतील डोंगरांवर जीं बांडगुळें नेहमीं दिसतात, त्यांहून हें निराळें आहे असें मंडळींच्या लवकरच ध्यानांत आलें. नमुना क्यू येथें नेऊन बारकाईनें तपासण्यांत आला. तेथें रॉजर पोलहिल हे बांडगुळांचे मोठे अधिकारी विद्वान् होते. आफ्रिकेंतील बांडगुळांवर त्यांनीं डेल्बर्ट वीन्स यांजबरोबर १९९८ मध्यें मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. टिमथी हॅरिस, इयन डार्बीशायर व पोलहिल या तिघांनीं मिळून या जातीचें वर्णन केलें व तें २०११ मध्यें क्यूच्या नियतकालिकांत छापून आलें. तेव्हां तिला हेलिक्झान्थेरा शायझोकॅलिक्स हें नांव मिळालें.

नांव उच्चारावयास कठीण असलें तरी त्याचा अर्थ सोपा आहे. पहिला शब्द कुळाचा. त्याचा अर्थ मळसूत्री परागकोश असलेली. हें कुळनांव लोरेरो नांवाच्या पोर्तुगीज पाद्र्यानें १७९० मध्यें दिलें. दुसरा शब्द जातीचा. त्याचा अर्थ जिचा संवर्त, म्हणजे पाकळ्यांखालील कोश, चिरलेला आहे ती. आपल्या आंब्यावरील बांडगुळाच्या पाकळ्या जुळून त्यांची नळी झालेली असते; हेलिक्झान्थेरा कुळांत त्या एकमेकींपासून सुट्या असतात. हें कुळ आफ्रिकेंत आहे तसें आशियांतही आहे, आणि त्याच्या कांहीं जाती सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील अरण्यांत वाढतात. तेव्हां माबूवरील हें बांडगूळ आपणांस अगदींच परकें नव्हे.

वनस्पतीस नांव देण्याची रीति महसुली दप्तराच्या रीतीसारखीच कांटेकोर आहे. वाळविलेला एक नमुना कायमचा जपून ठेवितात. तो जणूं मूळ दस्त. त्यावर कोठें, किती उंचीवर, कोणत्या दिवशीं व कोणी गोळा केला हें लिहितात. मग जवळच्या जातींशीं ताडून पाहून भेद कोणता तें छापून प्रसिद्ध करितात. एवढें झाल्यावरच ती जात शास्त्राच्या खात्यावर चढते. कोणाचा आक्षेप असल्यास तो मूळ नमुना पुनः काढून पाहतां येतो.

येथेंच मला माझी चूक दिसली. माबूच्या अरण्याचा "शोध लागला" असें वर्तमानपत्रांतून छापून आलें. परंतु डोंगराखालच्या लोकांस तें पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. युद्धांत ज्यानें त्यांचे प्राण राखले, त्या रानाचा शोध लागण्याचें त्यांना काय कारण? शोध लागला तो कागदास. महसुली कागदांत "पोटखराब" म्हणून एक रकाना असतो. सर्व्हे नंबरांतील जो भाग लागवडीस योग्य नाहीं, तो त्यांत दाखवितात. त्यावर आकार नसतो. त्या रकान्यांतील आंकड्यांच्या बेरजा करण्यांत माझी उमेद गेली. एवढ्या वर्षांत त्या आंकड्याच्या जागीं काय उगवतें असा प्रश्न मला एकदांही पडला नाहीं. तेथें कारवी होती, तोरणी होती, करवंदीच्या जाळ्या होत्या, कातळावर पावसाळ्यांत चार आठवडे फुलणारें गवत होतें. शब्द "खराब", म्हणून तेथें कांहींच नाहीं, असें मी धरून चाललों. माबू हा जगाच्या नकाशावरील असाच एक पोटखराब होता.

नोंदीनें वस्तु निर्माण होत नाहीं, हें खरें. बांडगूळ माबूवर आधींपासून होतेंच. तथापि ज्याची नोंद नाहीं त्याची बाजू मांडतां येत नाहीं, हें मीं माझ्या मेजापुढें उभ्या राहिलेल्या माणसांवरून जाणतों. पूर्वापार वहिवाटीची पायवाट असावी, कागदावर मात्र ती नसावी. मग शेजाऱ्यानें ती नांगरून टाकली तर गरीब मनुष्य काय दाखविणार? माबूचीही तीच गोष्ट होती. शास्त्रज्ञ तेथें गेले तेव्हां त्या अरण्यास कायद्याचें संरक्षण नव्हतें. लांकडासाठीं तोड व शिकार या भयांबरोबरच, शेतीसाठीं रान तोडून जाळण्याचें भय होतें. आपल्याकडील जुन्या कुमरीच्या शेतीसारखाच तो प्रकार. पोटासाठीं जमीन काढणाऱ्या तेथील शेतकऱ्यास दोष देण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पण काय जळत आहे हें कोणास ठाऊकच नसेल, तर जळूं द्यावें कीं राखावें हा विचार तरी कोण करणार? त्या अरण्यांतून याच सुमारास इतरही नव्या जाती उजेडांत आल्या. झुडपांत राहणाऱ्या एका विषारी सापाचें वर्णन २००९ मध्यें झालें, एका वटवाघुळाचें २०१२ मध्यें, व एका बुटक्या सरड्याचें २०१४ मध्यें. साप व वटवाघूळ या दोघांच्याही शास्त्रीय नांवांत माबूचें नांव गोंवलेलें आहे. म्हणजे डोंगराचें नांव आतां जगाच्या दप्तरांत पुसतां न येईल असें लिहिलें गेलें.

बांडगुळाच्या बाबतींत तर नोंदीचें महत्त्व अधिक आहे. कारण तें एकटें राखतां येत नाहीं. त्यास आश्रयाचें झाड पाहिजे, परागांसाठीं फुलावर येणारा प्राणी पाहिजे, फळ खाऊन बी योग्य फांदीवर नेणारा पक्षी पाहिजे. यांतील एक दुवा तुटला कीं तें संपलें. उलट, त्याच्यावरही कित्येकांचें पोट असतें. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत डेव्हिड वॉटसन व मॅथ्यू हेरिंग यांनीं जंगलाच्या कांहीं तुकड्यांतून सर्व बांडगूळ मुद्दाम काढून टाकलें आणि तीन वर्षांनीं पक्ष्यांची गणती केली. त्या तुकड्यांत पक्ष्यांच्या सुमारें एक पंचमांश जाती कमी झालेल्या आढळल्या. हा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. बांडगुळाचीं गळलेलीं पानें जमिनीस खत देतात, त्यावर किडे वाढतात, व किड्यांवर पक्षी जगतात, असा त्याचा उलगडा त्यांनीं केला. आपल्याकडेही हळदीकुंकू नांवाचें जें पिवळ्या-लाल ठिपक्यांचें सुंदर फुलपाखरूं आहे, त्याच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवरच पोसतात.

तर मग आंब्यावरील बांडगूळ तसेंच वाढूं द्यावें काय? मुळींच नाहीं. माझ्या आंब्याची हकीकत वर सांगितलीच आहे. बाग ही कुटुंबाची भाकरी आहे, व तेथें बांडगूळ काढलेंच पाहिजे. तें कसें काढावें याविषयीं थोडें सांगतों. फळें पिकण्यापूर्वींच काढावें, म्हणजे पक्ष्यांस पुढील पेरणी करण्यास बी उरणार नाहीं. नुसतें ओढून किंवा तासून काढूं नये. शोषकमूळ फांदींत शिल्लक राहतें व त्यांतून पुनः फूट येते. बांडगूळ चिकटलेल्या जागेपासून खोडाच्या बाजूस सुमारें एक फूट अंतरावर फांदी कापावी व कापलेल्या जागीं बोर्डो पेस्ट लावावी. जाड फांदी कापणें परवडत नसेल, तर निदान दरसाल छाटणी करून त्यास फळावर येऊं देऊं नये. शिवाय एकट्यानें काढून भागत नाहीं; पक्ष्यास बांध ठाऊक नाहीं. वाडींतील सर्वांनीं मिळून एकाच हंगामांत हें काम केलें तरच त्याचा उपयोग होतो, आणि हें सहकारी मंडळ्यांनीं हातीं घेण्यासारखें काम आहे.

परंतु बागेंतील नियम रानास लावूं नये. डोंगरउतारावर, देवराईंत, बागेपासून दूर असलेल्या ओढ्याकाठीं एखाद्या रानझाडावर बांडगूळ असेल तर त्याच्या मागें लागण्याचें कारण नाहीं. तोडण्यापूर्वीं तें आपलें नेहमींचेंच आहे कीं कांहीं निराळें, एवढें तरी पहावें. फुलाचा रंग कोणता, पाकळ्या जुळलेल्या कीं सुट्या, झाड कोणतें, दिवस कोणता, हें वहींत टिपावें. निराळें वाटल्यास एक डहाळी वर्तमानपत्राच्या कागदांत दाबून वाळवावी, व जवळच्या शेतकी महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांस दाखवावी. यास विशेष विद्वत्ता लागत नाहीं. माबूचें बांडगूळ ज्यांच्या नजरेस पडलें ते फुलपाखरें पाहत हिंडणारे गृहस्थ होते.

आमचा आंबा निम्मा उरला आहे. गेल्या दोन वर्षांपासून तो पुनः मोहोर धरूं लागला असून, दर हिवाळ्यांत आबांच्या नातवाला वर चढवून मी त्याच्या फांद्या तपासून घेतों. परसापासून बरेंच दूर, डोंगराच्या कडेला आमचें तीन गुंठे पोटखराब आहे. पेन्शन घेतल्यानंतर मीं एक कोरी वही आंखली, व त्या तीन गुंठ्यांत काय उगवतें तें तिच्यांत लिहावयास आरंभ केला. आजपर्यंत ४७ नांवें झालीं आहेत. त्यांतील ११ झाडांचीं नांवें मला ठाऊक नव्हतीं, तीं आबांनीं सांगितलीं. आबांचें वय आतां ऐंशीच्या पुढें गेलें आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें वडील माणूस असेल व ज्यांच्या सातबाऱ्यावर पोटखराबाचा आंकडा असेल, त्यांनीं या पावसाळ्यापूर्वींच अशी एक वही घालावी, एवढीच विनंति आहे.